घरी गोधड्या शिवायला मशीन कोणतं घ्यावं?

मधुरा_कोलशेत

नमस्कार. शिवणकाम मला नवीन नाही, ब्लाउज सोडून घरातलं बहुतेक सगळं शिवते. (ब्लाउजच्या वाटेला जात नाही, त्यासाठी आमचे मास्तर आहेत.) आता गोधड्या, दुपटी आणि तुकडेजोड करून क्विल्ट शिवायचं मनावर घेतलंय. सध्याचं हलकं मशीन तीन थरांच्या पुढे कुरकुरतं, चौथ्या थराला सुई मोडतं. म्हणून नवीन घ्यायचं आहे.

घर टू बीएचके, माणसं पाच. शिवणाची वेगळी खोली वगैरे काही नाही. जेवणाच्या टेबलावर मांडायचं आणि कुकर झाला की उचलायचं. बजेट ३० हजारांपर्यंत, फारच पटलं तर थोडं वर. कापड घरातच आहे: सासूबाईंची नऊवारी लुगडी, सुती साड्या, सासऱ्यांची धोतरं. सगळं धुऊन धुऊन मऊ झालेलं.

दुकानात गेलं की विक्रेता टाके मोजून दाखवतो. ह्यात ६० टाके, त्यात २००, त्याच्या वरच्यात एबीसीडी पण निघते. अहो, गोधडीवर मी काय एबीसीडी काढू? ज्याला हे लोक 'क्विल्टिंग मशीन' म्हणतात त्यात नक्की वेगळं काय असतं असं विचारलं की उत्तर येतं, "मॅडम, ये टॉप मॉडेल है."

माझं आत्ताचं मत असं की गोधडीसाठी खास मशीन असं काही नसतं, दणकट सरळ टिपेचं मशीन असलं की झालं. पटत नसेल तर भांडा, पण वापरलेल्या मशीनबद्दल लिहा.

कोपरीकर

पाच माणसांच्या घरात जेवणाचं टेबल रिकामं मिळतं? मशीनचं राहू द्या, आधी हे कसं जमवता त्यावर धागा काढा.

टीपटाप

मधुरा, अर्धं बरोबर आहे. टाके किती हा प्रश्नच गोधडीला लागू नाही. मी नेरुळला घरूनच ऑर्डरी घेते, माझ्या मशीनवर शंभरावर टाके आहेत. त्यातले वापरते तीन: सरळ, झिगझॅग आणि काजं.

पण 'खास असं काही नसतं' हे नाही पटलं. फरक असतो, तो टाक्यांत नसून बाकीच्या अंगात असतो. सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत किती जागा आहे ते बघ. साध्या घरगुती मशीनला साधारण साडेसहा-सात इंच असते, क्विल्टसाठी म्हणून जी बनवतात त्यांना साडेआठ ते अकरा. गोधडीचा गुंडाळा तिथूनच आत जायचा असतो.

दुसरं, मशीनच्या पायाचा, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरतो त्या भागाचा, दाब कमी-जास्त करता येतो का. बऱ्याच स्वस्त मशीनना ती सोयच नसते. जाड थरावर दाब जास्त पडला की वरचं कापड पुढे सरकत जातं आणि शेवटाला चुणी पडते. आणि पाय नेहमीच्या उंचीपेक्षा आणखी थोडा वर उचलला जातो का तेही बघ, नाहीतर थर आत सारतानाच घाम फुटतो.

तिसरं म्हणजे वॉकिंग फूट. हे मशीन नाही, वेगळा मिळणारा पाय आहे. एरवी खालचे दाते फक्त खालचं कापड ओढतात, वरचं बिचारं फरफटत येतं. ह्या पायाला स्वतःचे दाते असतात, तो वरूनही कापड चालवतो. गोधडी शिवणाऱ्याने मशीनवर दोन हजार कमी खर्च करावे पण हा पाय घ्यावा, असं माझं स्पष्ट मत. फक्त त्यावर वेगात शिवायचं नाही आणि उलटी टीप मारायची नाही.

चौथं, खालचे दाते बंद करता येतात का. हे वेलबुट्टीसारखी फिरती टीप मारायची असेल तरच. तुला सरळ रेघाच मारायच्या असतील तर सोडून दे.

वाकळवाली

मी माण तालुक्यातली, आता ऐरोलीला. आमच्याकडे गोधडी हाताने शिवतात. चौघीजणी चार बाजूंनी बसतात, कडेकडेने आत येत येत मध्यावर भेटतात. मशीनची टीप बसली की गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. हाताचा धावदोरा सैल असतो, म्हणून ती अंगाला बिलगते. तीस हजार घालून पुठ्ठा कशाला शिवायचा?

बाकी चालू द्या.

टीपटाप

वाकळवाली ताई, पुठ्ठा होतो तो बारीक टिपेने. ब्लाउजला ठेवतो तो अडीच मिलिमीटरचा टाका गोधडीला ठेवायचा नाही. साडेतीन, चार ठेवा. दोन टिपांमध्ये तीन बोटं अंतर ठेवा आणि वरच्या दोऱ्याचं टेन्शन थोडं सैल करा. हाताइतकी नाही होणार, मान्य. पण पुठ्ठाही नाही होत.

वाकळवाली

तीन बोटं? आमच्याकडे एका बोटाच्या अंतराने टाके घालतात. पोटात थर हलले तर काय उपयोग?

यंत्रमानव

खांबापर्यंतच्या जागेवरून एक हिशेब मांडतो. सवय आहे, माफ करा.

डबल बेडची गोधडी ९० बाय १०० इंच धरू. अगदी मधोमध टीप मारताना अर्धी गोधडी, म्हणजे ४५ इंच, गुंडाळून खांबाच्या आत जाणार. थर सगळे मिळून अर्धा इंच जाड असतील तर गुंडाळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ ४५ गुणिले ०.५, म्हणजे २२.५ चौरस इंच. तेवढ्या वर्तुळाचा व्यास येतो ५.३५ इंच, आणि तोही गुंडाळी अगदी घट्ट असेल तर.

आता मजा बघा. साडेसहा इंच आडव्या जागेत ही गुंडाळी मावायला हवी. पण मशीनच्या आडव्या दांड्याखालची उंची किती असते? बायकोच्या मशीनची आत्ता पट्टीने मोजली, साडेचारच्या आत भरली. म्हणजे अडचण रुंदीची नसून उंचीची आहे! दुकानदार रुंदी सांगतो, उंची कोणी विचारत नाही.

नुसत्या साड्यांची पातळ गोधडी पाव इंच जाड धरली तर तोच व्यास ३.८ इंचांवर येतो, ती साध्या मशीनमध्येही जाईल. सिंगल बेडची ६० इंच रुंद आणि अर्धा इंच जाड असेल तर ४.४, म्हणजे जेमतेम. दुपट्याला काहीच प्रश्न नाही.

तेव्हा मधुरा यांनी आधी जाडी ठरवावी, मग मशीन.

कोपरीकर

वहिनींनी विचारलं नाही का, मध्यरात्री माझं मशीन का मोजताय म्हणून?

यंत्रमानव

विचारलं. "त्यापेक्षा तेल घाला त्याला," म्हणाली. घातलं.

अण्णा_नौपाडा

आमच्या आईचं काळं पायमशीन आजही चालू आहे. लोखंडी स्टँड, चामड्याचा पट्टा, वीज लागत नाही. आईने त्यावर पोरांच्या चड्ड्यांपासून गाद्यांच्या खोळींपर्यंत सगळं शिवलं. वर्तकनगरच्या चाळीत दिवे गेले तरी आईचं मशीन थांबत नसे.

माझं सांगणं एवढंच की सरळ टिपेला त्या काळ्या मशीनला तोड नाही. पायाने चालवलं की टाक्यावर ताबा राहतो, एकेक टाका मोजून घालता येतो. जाड ठिकाणी चाक हाताने फिरवायचं. बिघडलं तर गल्लीतला कुठलाही कारागीर दुरुस्त करतो. तुमच्या त्या कॉम्प्युटरवाल्या मशीनची आतली सर्किटची पाटी जळली की कारागीर हात वर करतो आणि कंपनीचा माणूस नवीन पाटीची किंमत सांगतो, ती ऐकून आपण खाली बसतो.

टीपटाप

अण्णा, पूर्ण अनुमोदन, फक्त त्याला वॉकिंग फूट बसेल का हे आधी बघावं लागतं. पायाचा दांडा आखूड की उंच, सुई अडकवायचा स्क्रू कुठल्या बाजूला, ह्यावर ते ठरतं. त्या पायाची एक दुबेळकी दांडी सुईच्या स्क्रूवर बसते आणि सुईबरोबर वर-खाली होते. ती बसली नाही तर पाय नुसताच शोभेला. पैसे द्यायच्या आधी दुकानातच लावून बघायचा. आणि पायमशीन मधुराच्या जेवणाच्या टेबलावर कसं मांडणार?

अण्णा_नौपाडा

पायमशीनला टेबल लागत नाही हो, ते स्वतःच टेबल आहे. वर फडकं टाकून आम्ही त्यावर रेडिओ ठेवायचो.

शिवणकीडा

मी वेगळं सांगतो, शिव्या खायची तयारी ठेवून. सरळ कारखान्यातलं मशीन घ्या.

कोपरखैरण्याला माझ्याकडे एक आहे. बॅगा, ताडपत्रीचे कव्हर आणि आता गोधड्याही शिवतो. जॅक किंवा जुकीचं साधं एका सुईचं मशीन, सर्व्हो मोटर लावलेलं. घरच्या साध्या विजेवर चालतं. जुन्या क्लच मोटरसारखं सतत गुणगुणत नाही, पाय ठेवला की फिरतं, उचलला की गप्प. वेग मिनिटाला ५००० टाक्यांपर्यंत जातो म्हणून लोक घाबरतात, पण सर्व्होवर तो हवा तितका खाली आणता येतो. आत जागाही घरगुतीपेक्षा बरीच जास्त. गुडघ्याने पाय उचलायची पट्टी असते, दोन्ही हात कापडावर राहतात. एकदा सवय लागली की घरगुतीवर बसवत नाही.

तोटेही सांगतो. टेबल चार फुटी, ते घडी होत नाही. डोकंच एकट्याने उचलवत नाही. झिगझॅग नाही, काजं नाही. दाते खाली जात नाहीत. सुई गोल बुडाची, घरगुती मशीनची सपाट बुडाची सुई ह्याला चालत नाही. कारागीर सुई बदलून देताना 'डीबी' म्हणतो ती ही.

तळमजला

धाग्याच्या विषयाशी थेट संबंध नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या वरच्या मजल्यावर कोणी तरी शिवणकाम करतं. रात्री साडेदहाला ड्रर्रर्र सुरू होतं, मग शांतता, मग पुन्हा ड्रर्रर्र. ती मधली शांतता जास्त त्रास देते, कारण पुढचं ड्रर्रर्र कधी येईल ह्याची वाट बघत जागं राहावं लागतं.

मशीन कोणतंही घ्या, खाली कोणी राहतं हे विसरू नका ही विनंती.

शिवणकीडा

तळमजला, तुम्ही कोपरखैरण्याचे तर नाही ना?

तळमजला

नाही, पाचपाखाडी. निश्चिंत राहा.

शिवणकीडा

हुश्श. उपाय सांगतो, वरच्यांना कळवा. आवाज हवेतून कमी आणि टेबलाच्या पायांतून फरशीत जास्त जातो. पायांखाली जाड रबराचे तुकडे, वॉशिंग मशीनखाली ठेवतात तसे, आणि मशीनखाली जुन्या योगा मॅटचा तुकडा. टेबल भिंतीला टेकवायचं नाही. बराच फरक पडतो. कॅरमबोर्डच्या डगमगत्या स्टँडवर मशीन ठेवून शिवणारेही मी पाहिलेत, त्यांना मात्र रबर वाचवू शकत नाही.

जर्सीची_सई

मधुरा, नातेवाईक अमेरिकेत असतील तर इकडून आणायचा मोह होईल. इथे क्विल्टवाल्यांची वेगळी दुकानं असतात आणि सेलमध्ये ३० हजारांच्या आत छान मशीन मिळतात. मीही वहिनीसाठी आणायला निघाले होते. नवऱ्याने डब्याच्या मागची पाटी वाचून थांबवलं.

इथलं मशीन १२० व्होल्टचं. भारतात २३०. नुसती पिन बदलणारा अडॅप्टर लावून चालू केलं तर मोटर नाहीतर आतली पाटी जळते. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो, तो स्वतंत्र जड ठोकळा. दिवा आणि मोटर मिळून जेवढे वॅट, त्याच्यापेक्षा बऱ्यापैकी मोठा घ्यावा लागतो. वर वॉरंटी तिकडे चालत नाही आणि भाग बदलायला पुन्हा कोणाच्या तरी बॅगेची वाट बघा. मशीन तिकडेच घ्या. इथून वॉकिंग फूट, गोल फिरणारी कटर आणि खुणांचं कटिंग मॅट मागवा, ते बॅगेत सहज मावतं.

मधुरा_कोलशेत

बाप रे, एका दिवसात एवढं! सगळ्यांचे आभार. शिवणकीडा, मशीन ऐकूनच मोह झाला, पण चार फुटी टेबल आणलं तर घरातल्या एका माणसाला बाहेर काढावं लागेल आणि कोणाला ह्यावर मतदान होईल. बाद.

यंत्रमानव, तुमचा हिशेब सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, गणित बरोबर असेल, पण एवढी जाड गोधडी ठाण्यात पांघरणार कोण? मग त्यांनी त्यांचा हिशेब सांगितला. एका लुगड्याचे लांबीत तीन समान तुकडे होतात, प्रत्येकी तीन वार. दोन तुकडे लांबीत जोडले की डबल बेडचा एक थर. म्हणजे तीन लुगड्यांत चार थर होतात आणि एक तुकडा वर उरतो, तो कडेच्या पट्टीला. चार थर ठाण्याच्या थंडीला पुरून उरतात.

म्हणजे माझी गोधडी पातळच असणार. तरी मधली जागा मोठी हवीच का?

टीपटाप

यंत्रमानवांच्या गणितात एक गोष्ट राहिली. पॉलिफिलचा, म्हणजे मधे घालतात त्या फुगीर कृत्रिम भरणाचा, थर हाताखाली दाबला की निम्मा होतो, त्यामुळे तो व्यास जरा जास्तच धरलाय. मावायचं कसंबसं मावतं. खरी अडचण वजनाची. चार लुगड्यांची गोधडी अडीच-तीन किलोंच्या घरात जाते. ती टेबलावरून खाली लोंबली की सुईकडून कापड मागे ओढते, टाका कुठे लांब कुठे आखूड पडतो आणि आपण मशीनला शिव्या देतो. तेव्हा मशीनच्या डावीकडे आणि मागे आधार हवा. जेवणाच्या टेबलाच्या मधोमध मशीन ठेव, कडेला नको. डाव्या हाताला एक खुर्ची लावून गोधडीचा भार तिच्यावर टाक. मशीनला जोडायचं प्लॅस्टिकचं रुंद टेबल मिळतं ते जरूर घे, त्याने सुईची पातळी आणि आधार एका उंचीवर येतात.

आणि जागा कमीच पडली तर तुकड्यातुकड्याने शिव. आख्खी गोधडी एकदम थरांत मांडायची नाही. दीड-दोन फुटांचे चौकोन घे, प्रत्येकाचे वरखालचे थर आधीच शिवून घे, कडेला अर्धा इंच मोकळं ठेव. मग चौकोन एकमेकांना जोड आणि मागच्या शिवणीवर पट्टी लाव. साडेसहा इंचांच्या मशीनवर आख्ख्या डबल बेडची गोधडी अशी आरामात होते. माझ्या बऱ्याचशा ऑर्डरी अशाच जातात, गिऱ्हाइकाला पाठ बघूनही कळत नाही.

वाकळवाली

आम्हाला कळतं.

कोपरीकर

:D

वाचनमात्र

एरवी नुसती वाचते, आज विचारतेच. दाते बंद करून फिरती टीप मारतात ती घरच्या मशीनवर जमते का? व्हिडिओत बाई कापड नुसतं फिरवते आणि फुलं उमटतात. मी केलं तर खाली दोऱ्यांचं घरटं.

टीपटाप

जमते, सराव लागतो. दाते बंद असताना टाक्याची लांबी मशीन ठरवत नाही, तुझा हात ठरवतो. पेडलवरच्या तुझ्या पायाचा वेग आणि हाताचा वेग जुळला नाही की टाके लांबडे-आखूड. उड्या मारणारा गोल पाय, त्याला डार्निंग फूट म्हणतात, तो लाव. नेहमीचा पाय कापड दाबून धरतो, फिरवू देत नाही. घरटं होतं ते बहुतेक वेळा पाय खाली न सोडताच शिवायला सुरुवात केल्याने. पाय वर असला की वरच्या दोऱ्याला टेन्शनच बसत नाही. आधी खालचा दोरा एका टाक्यात वर ओढून घे, दोन्ही टोकं बोटात धर, मग सुरू कर. जुन्या चादरीवर तुझं नाव गिरवून बघ.

रबराचे ठिपके असलेले माळीकामाचे हातमोजे मिळतात, ते घालून कापड फिरवलं की घसरत नाही. क्विल्टवाल्यांचे वेगळे हातमोजे विकतात, महाग. माळ्याचे चालतात.

अण्णा_नौपाडा

पावसाळ्याचं कोणी बोललं नाही. खाडीच्या हवेने मशीन गंजतं. जूनपासून सुईची पट्टी पुसून तेलाचा हलका हात फिरवायचा. जाड टोपी घालायची, प्लॅस्टिकची नको, कापडी. प्लॅस्टिकखाली ओल धरते. बॉबिनच्या पेटीत गोधडीचा भुगा साचतो, तो ओल ओढतो. दर गोधडीनंतर ब्रशने काढा. फुंकर मारू नका, आत जातो आणि थुंकीही जाते.

यंत्रमानव

अण्णा +१. एक अवांतर: तयार गोधडी धुवायची कशी? आमच्या साड्यांच्या दोन गोधड्या ओल्या झाल्या की मशीन त्या पिळताना खोलीभर नाचतं. जुलैत धुतलेली सुती गोधडी गणपती आले तरी वाळत नाही.

टीपटाप

जुलैत धुवायचीच नाही, हा उपाय. नाहीतर पॉलिफिलची पातळ शीट वापरा, ती लवकर वाळते. गाद्या-सोफेवाल्यांकडे रोलवर मीटरने मिळते. जाडी ग्रॅममध्ये सांगतात, १०० ग्रॅमची पातळ, २०० ची बऱ्यापैकी फुगीर. घरगुती मशीनवर १०० ते १५० च्या वर जाऊ नका. सुटा कापूस भरून मशीनवर शिवायच्या भानगडीत पडू नका, तो सुईच्या दिशेने सरकून गोळे होतो. पिंजाऱ्याकडे देऊन रजई करून घेतात ती हातानेच टाचतात, त्याला कारण आहे.

कोपरीकर

लहानपणी कोपरीत पिंजारी यायचा. त्या धनुष्याचा टणत्कार ऐकला की आम्ही धावत सुटायचो आणि आई नाक-तोंड पदराने बांधून उभी. आता कोणी दिसत नाही. तळमजला यांनी तो आवाज कसा सहन केला असता कोण जाणे.

तळमजला

तो दिवसा यायचा. :)

वाकळवाली

मधुरा, मी हातवालीच राहणार, पण एक सांगते. सुती लुगडी जुनी असली की विरलेली असतात. मशीनच्या सुईने बारीक छिद्रं पडून टिपेवरच फाटतात, आणि जिथे फाटतात तिथे रेघभर फाटतात. म्हणून विरलेलं कापड आतल्या थरात घाल आणि वर-खाली जरा दमाचं. खालच्या बाजूला मांजरपाट लावलास तर टीप धरून राहील. सुई नवीन घाल, जुनी बोथट सुई विरलेल्या कापडाचा जीव घेते.

आणि पदर कापू नकोस. काठ-पदर मध्यात येतील असे लाव. हे मशीनवर पण जमतं.

टीपटाप

अगदी. सुई ९० नंबरची, चार थरांना १००. काठाच्या जाड शिवणीवर आलीस की वेग शून्य करून चाक हाताने फिरव. सुया काठावरच मोडतात, मधे नाही. दोरा चांगल्या पॉलिस्टरचा घे, स्वस्त दोऱ्याचा कापूस सुटतो आणि बॉबिनपाशी साचतो.

मधुरा_कोलशेत

थोडी खबर. घरून नमुना घेऊन दुकानं पालथी घातली: लुगड्याचे तीन थर, खाली मांजरपाट, आणि मुद्दाम मधून काठाची शिवण आडवी गेलेली. एका दुकानाने "डेमो पीस पर सिर्फ हमारा कपडा" म्हणून हात लावू दिला नाही, तिथून निघाले.

दुसरीकडच्या काकांनी स्वतः नमुना हातात घेतला, बोटांनी चोळून पाहिला आणि म्हणाले, "लुगड्याचं आहे ना? मग घाई करू नका." आधी साधा पाय लावून हातभर टीप मारली. शेवटाला वरचं लुगडं बोटभर पुढे आलेलं, मांजरपाट मागे. मग पायाचा दाब सैल केला, तोच नमुना उलटून दुसरी टीप मारली. फरक निम्म्यावर आला. मग वॉकिंग फूट लावला, टाका साडेतीनवर. दोन्ही कडा जुळल्या. काठावरच्या शिवणीशी काकांनी चाक हाताने फिरवलं, टीपटाप म्हणाल्या तसं.

त्यांच्याकडे दोन मशीन बघितली. एक, भरपूर टाक्यांचं टॉप मॉडेल. ते तीन थरांवर चाललं, चौथ्याला आवाज जड झाला. दुसरं बिनकॉम्प्युटरचं, वर चाकं फिरवून टाका निवडायचा, पायाचा दाब बदलणारं बटण, पाय वर उचलायची दुसरी पायरी. टाके वीसेक. चौथ्या थरावर आवाज बदलला नाही. सिंगरचं हेवी ड्युटी ४४२३ म्हणून येतं ते. मिनिटाला ११०० टाक्यांपर्यंत जातं असं खोक्यावर लिहिलंय, मला त्याच्या अर्ध्यावरही जायचं नाही. आतली जागा मात्र साधीच. म्हणजे मोठ्या गोधड्या टीपटाप यांच्या पद्धतीने तुकड्यातुकड्याने.

उषा जानोमची साध्या रचनेची मशीनही त्यांनी दाखवली, त्यांची टीप जास्त देखणी वाटली. पण पायाचा दाब बदलायची सोय मी बघितलेल्या मॉडेलमध्ये नव्हती. ती असलेलं वरचं मॉडेल बजेटच्या बाहेर.

जुकीची क्विल्टसाठीची टीएल मालिका पण विचारली. सरळ टीप तेवढी मारते, खांबापर्यंत साडेआठ इंच, मिनिटाला १५०० टाके. काकांनी आकडा सांगितला तो मी ऐकून घेतला.

शिवणकीडा

त्या टीएलसाठी मी पण एकदा थांबलोय. कारखान्याच्या मशीनची टीप आणि घरगुती आकार. आकडाही दोघांचा मिळून लावतात.

यंत्रमानव

दांड्याखालची उंची मोजलीत का?

मधुरा_कोलशेत

मोजली हो! काकांकडून टेप मागितली तर म्हणाले, "एवढ्या वर्षांत हे कोणी मोजलं नव्हतं." साडेचारला थोडी कमी. तुमच्या सूत्राने माझी लुगड्यांची गोधडी बसते.

अण्णा_नौपाडा

कारागीर कुठला ते विचारलंत का? बिघडल्यावर कोण येणार, हे बिलावर लिहून घ्या.

मधुरा_कोलशेत

विचारलं अण्णा. दुरुस्तीला दुकानाचाच माणूस येतो, तो नौपाड्यातच राहतो. बिलावर लिहून देणार आहेत. वॉकिंग फूट बिलात वेगळा लागणार, कारण कंपनीचा पाय आणि बाजारातला सर्वसाधारण पाय ह्यांत बराच फरक पडतो.

टीपटाप

बाजारातला घेतलास तरी चालेल, आखूड दांड्याचा माग. पण दुकानात लावून चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरव. सुई पायाला कुठे घासत नाही ना ते बघ, दुबेळकी दांडी स्क्रूवरून निसटत नाही ना ते बघ. मग वीज लाव. आणि थर आधी टाचून घे. पिनांपेक्षा कच्चा धावदोरा बरा, हाताने लांब टाके, मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला.

वाकळवाली

म्हणजे शेवटी हातानेच शिवायची.

टीपटाप

कच्चा, ताई, कच्चा! नंतर उसवायचा.

वाकळवाली

मग मी येते टाचायला. ऐरोलीहून कोलशेत काही लांब नाही. सासूबाईंना म्हणावं, सुया तयार ठेवा, मोठ्या डोळ्याच्या.

मधुरा_कोलशेत

नक्की या ताई. शनिवारी मशीन येतंय. सासूबाई आत्ताच विचारतायत, तुमच्याकडे टाका मध्यावरून घालतात की कडेवरून, कारण त्यांच्याकडे कडेवरून घालतात आणि त्या ऐकणार नाहीत.

कोपरीकर

जेवणाच्या टेबलाचं उत्तर अजून आलं नाही.